पुरावा मास्तर

कुदो मास्तरांना अख्खं गाव पाठीमागे 'पुरावा मास्तर' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि पोरांच्या डोक्यात एकच वाक्य ठोकून बसवलं: जेवढा मोठा दावा, तेवढा भक्कम पुरावा. देवळातल्या जिझोच्या मूर्तीला घाम फुटतो म्हणून गर्दी लोटली, तेव्हा छपरावर चढून गळकं कौल शोधून काढणारे हेच. माणूस खरा, पण त्या खरेपणाला हात लावला की चटका बसायचा.

घरात मात्र त्यांची मात्रा चालली नाही. मुलगी चिहारु सतराव्या वर्षी मेंदूज्वराने गेली, तेव्हापासून बायको मित्सुए दर उन्हाळ्यात ओसोरेच्या डोंगरावर जायची. जत्रेत तिथे आंधळ्या म्हाताऱ्या बसतात. त्या गेलेल्या माणसाला हाक मारतात आणि तो त्यांच्या तोंडून बोलतो. त्या चार शब्दांवर मित्सुए वर्ष काढायची. मास्तर कुरकुरायचे, पण अडवत नसत. गेल्या खेपेला मात्र चिहारु म्हणे म्हणाली, "आई, एकटं वाटतं गं, माझं लग्न लावून दे." लग्नाआधी गेलेल्यांना आमच्याकडे जोडीदार म्हणून बाहुला वाहतात, त्यात नवल काही नाही. पण मित्सुएने काचेच्या पेटीतला नवरदेव घरी आणला आणि जेवताना त्याच्याकडे बघून "जावईबापू" म्हणाली, तेव्हा मास्तरांचं डोकं फिरलं.

"यंदा मीही येतो," ते म्हणाले. "एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

रांगेत ते मित्सुएच्या पुढे उभे राहिले. पाळी आल्यावर म्हातारीसमोरच्या चटईवर गुडघे टेकून बसले.

"कुणाला बोलवू, भाऊ?" म्हातारीने विचारलं.

"मुलाला."

"गेला कधी?"

"गेल्या नोव्हेंबरात. तीन तारखेला." तारीख त्यांनी तिथल्या तिथे बनवली होती.

मागे मित्सुए दचकली. तेत्सुरो, त्यांचा धाकटा. बहिणीच्या मयताला तो म्हणाला होता, "काल रात्री ताई दारात उभी होती." मास्तरांनी पाहुण्यांसमोर त्याची उलटतपासणी घेतली. दिवा चालू होता का? तिच्या पायात काय होतं? तू जागा होतास कशावरून? पंधरा वर्षांचं पोर, उत्तरं देता देता रडलं आणि मग गप्प झालं ते झालंच. शाळा संपताच कोबेला जहाजांच्या कारखान्यात निघून गेलं आणि परत आलं नाही.

म्हातारीने जपमाळ खळखळ घासली, बराच वेळ पुटपुटली. मग म्हणाली, "बाबा, एवढ्या लांब आलात. तुमच्याआधी गेलो, राग धरू नका. आईला जपा."

'बाबा' ऐकताच मास्तर नकळत पुढे झुकले. पण ते उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा मुलगा जिवंत आहे. कोबेत नोकरी करतो. आता काय म्हणणं आहे?"

"जिवंत पोराला मारून आला हा," रांगेतली एक बाई म्हणाली. "जीभ कशी झडली नाही."

म्हातारी शांत होती. "मी आंधळी, भाऊ. तुम्ही मेला म्हणालात, मी हाक मारली. कोण आलं ते मला दिसत नाही."

मित्सुएने बाही धरून त्यांना बाजूला ओढलं.

"अहो, तो जिवंत आहे कशावरून?"

"कशावरून काय? दर वर्षाखेरीला कोबेहून मासळीचा डबा येतो ना त्याचा?"

"तो मी मागवते. दुकानात फोन करून, त्याच्या नावाने."

"पहिल्यापासून?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्या वर्षी त्याने पाठवला होता," मित्सुए म्हणाली. "पुढे काहीच आलं नाही. कारखान्यात विचारलं, तर काम सोडून गेला म्हणाले. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. तुम्ही मात्र वर्षाखेर आली की दाराशी घुटमळायचात. मला बघवेना. डबा आला की आठवडाभर माणसासारखे बोलायचात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? ताईच्या पायात काय होतं ते पोराला विचारलंत. डब्याला एक प्रश्न विचारला नाहीत."

"ही बाई खोटी आहे," मास्तर घाईघाईने म्हणाले. "तारीख मी मनची सांगितली. तरी ती बोलली. हाच पुरावा."

"तो ती खोटी असल्याचा. तेत्सुरो जिवंत असल्याचा कुठे झाला?" मित्सुए खाली बघत म्हणाली, "पण असू दे खोटी. असायलाच हवी. ती खरी असली तर माझा मुलगा गेला." मग तिला पुढचं सुचलं आणि तिने तोंडावर हात दाबला. "आणि खोटी असली तर इतकी वर्षं चिहारु माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. सांगा ना हो. दोघांतलं कुठलं लेकरू सोडू?"

तेवढ्यात तिच्या पाळीची हाक आली. ती गेली, चटईवर न बसता वाकली आणि म्हणाली, "आजी, आज नको. यापुढेही नको."

"अगं, लेक वाट बघत असेल."

मित्सुए सरळ उभी राहिली. "नाही," ती म्हणाली. "ती नाही वाट बघत."

हेच वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मास्तर अकरा वर्षं झुरले होते. आता ऐकलं आणि ते तिच्याकडे धावले. त्यांनी तिचा हात धरला. "जा गं," ते म्हणाले. "बस तिच्यासमोर. चिहारुशी बोल. मी एक शब्द बोलणार नाही, जन्मात बोलणार नाही. जा ना."

"आणि तेत्सुरो?" मित्सुएने विचारलं, हात सोडवून घेतला आणि बसच्या वाटेला लागली.