केसरबाईंना ऐकू न आलेलं नाव

मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. मोबाईल जरा उपडे ठेवा. एक गोष्ट सांगतो. सांगताना मला लाज वाटणार आहे, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

मी एक जुना अॅम्प आहे. गिटारची वायर माझ्यात खोचतात आणि तारेचा बारीकसा आवाज मी मोठा करून बाहेर सोडतो. काळेवाडीच्या युसुफभाईंनी मला आपल्या दुरुस्तीच्या दुकानात बांधलं. प्लायवूडची पेटी, वर काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या. तेव्हा गिटार कशाशी खातात हेही मला ठाऊक नव्हतं. माझी पहिली अकरा वर्षं चऱ्होलीच्या देवळात गेली, यशोदाबाईंच्या कीर्तनात.

काय सांगू त्या कीर्तनाचं! बाई एक ओळ घ्यायच्या, टाळकरी ती उचलायचे, मृदंग असा चढायचा की माझी पेटी हादरायची. आणि ऐन भरात बाई हात वर करायच्या. सगळं गप्प. त्या शांततेत त्या एखादं साधंच वाक्य बोलायच्या, एखाद्या लेकराचं, एखाद्या सासुरवाशिणीचं. तिथंच बाया डोळ्यांना पदर लावायच्या. आधी दणका झालेला असायचा म्हणून ते वाक्य काळजात बसायचं, आणि दणका थांबलेला असायचा म्हणून ते ऐकू यायचं. अकरा वर्षं हे पुण्य माझ्या पदरी पडलं. मग देवळात नवे स्पीकर आले आणि मी युसुफभाईंच्या माळ्यावर धूळ खात पडलो.

तिथून मला सनीनं उचललं. सनी चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर कामाला. दिवसभर पत्रा दाबायचा. दर ठोक्याला पायाखालची फरशी हादरते. युसुफभाईंनी माझी आतली जोडणी बदलून दिली आणि सनीनं पहिला झणकार मारला. दुकानाचं शटर वाजलं.

"भावा, आग आहे ही, आग!" सनी ओरडला.

"बेटा, आग शेगडीत ठेव," युसुफभाई हसले. "पडद्याला लागू देऊ नको."

मी मात्र त्या कौतुकानं फुगलो.

सनीच्या बँडमध्ये मिनल गाते, गाणीही तीच लिहिते. ती त्याच कंपनीत क्वालिटीला आहे, तयार माल तपासते. त्यांच्याबरोबर प्रेसवर जयसिंग होता. गेल्या वर्षी कामावरून घरी जाताना रस्त्यात अपघात झाला आणि तो गेला. मिनलनं त्याच्यावर गाणं लिहिलं. तो थोर होता, अमर झाला, असलं काही त्यात नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा उघडायचा, भाजी सगळ्यांना वाटायचा आणि स्वतः झाकणातल्या लोणच्याशी चपाती खायचा, एवढंच होतं. सनीनं गिटारची चाल प्रेसच्या ठोक्यावर बांधली: तीन जड ठोके, चौथा हुकलेला. मित्रांनो, गाणं खरं होतं हो. खोट मी आणली.

"इथं थांबायचं," तालमीत मिनल म्हणाली. "ड्रम नको, गिटार नको. फक्त त्याचं नाव येऊ दे."

"थांबलो तर हवा जाईल राव. लोकं मोबाईल काढतात."

"काढू देत."

"बरं बाई, थांबतो."

वर्षश्राद्धाच्या रविवारी मोशीच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. जयसिंगची आई केसरबाई चऱ्होलीहून बसनं आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

"माज्या लेकाचं नाव घेनार हायेत म्हनं," त्या शेजारच्या बाईला सांगत होत्या. "घरात आता कुनी त्याचं नाव काढत न्हाई. मी रडते म्हनून."

सनी पहिली शिफ्ट उरकून थेट आला होता. कंपनी कानात घालायला बोळे देते, पण ते खिशातच राहतात. बोळे घातले तर पोरं हसतात. आठ तासांच्या ठोक्यांनी त्याचे कान सुन्न झाले होते. त्यानं माझा आवाजाचा नॉब वाढवला, आणखी वाढवला.

"सनी, तुझे कान अजून कंपनीतच आहेत. कमी कर," मिनल म्हणाली.

"कमी? मला तर पुटपुटल्यासारखं वाटतंय गं."

नॉब टोकाला गेला. गाणं सुरू झालं. ती जागा आली. सनीनं शब्द पाळला, हात थांबवला. ड्रमही थांबले. पण नॉब टोकाला असला की माझ्याच आवाजानं थांबलेली तार पुन्हा थरथरते, तो थरथराट माझ्यात येतो आणि मी किंचाळत राहतो. सनीच्या कानांना तो टोकदार आवाज पोचलाच नाही. त्या किंचाळीखाली मिनलनं नाव घेतलं. पोरांना वाटलं, मुद्दाम केलंय, शिट्ट्या पडल्या. आणि मला, यशोदाबाईंची शांतता अकरा वर्षं ऐकलेल्या मला, त्या शिट्ट्या आवडल्या. नॉब माझ्या हातात नव्हता असं म्हणून मी सुटू शकतो. पण आवडल्या, त्याचं काय करू?

कार्यक्रम संपल्यावर केसरबाई पुढं आल्या.

"पोरी, नाव घेतलं का गं?"

"घेतलं, मावशी. दोनदा."

"मला न्हाई आलं ऐकू." त्यांनी कानाला हात लावला. "म्हातारे कान माजे, दुसरं काय."

सनी खाली बघत उभा होता. "मावशी, कान माझे गेलेत. बसा, परत म्हणतो."

"बस जाईल रे बाबा माजी," म्हणत त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि त्या गेल्या.

त्या दिवसापासून सनी कंपनीत बोळे घालतो. नॉब आता मिनल लावते. त्या जागी सनी सगळ्या तारांवर तळवा दाबून धरतो, मी गप्प होतो आणि नाव शेवटच्या रांगेपर्यंत जातं. त्यानंतर चाल परत येते तेव्हा पहिल्यापेक्षा कितीतरी जड वाटते. सनी चऱ्होलीला बोलवायलाही गेला होता. "तुमी म्हना रे, मला आता गर्दी सोसत न्हाई," केसरबाई म्हणाल्या. त्या आल्या नाहीत. नीट झालेलं गाणं त्यांनी अजून ऐकलेलं नाही, आणि माझी मान वर होत नाही.

मित्रांनो, मोठ्या आवाजाला नावं ठेवू नका. दुःख मोठं असलं की आवाजही मोठाच लागतो. पण तुमच्यातलं कुणी उद्या गिटार हाती घेईल, असंच दणदणीत गाणं बांधेल. ते ज्याच्यासाठी बांधलंय, त्या माणसाला जागा सोडा. आणि नॉबला बोट लावण्याआधी, पहिल्या रांगेत बसलेल्या केसरबाईंची आठवण ठेवा.