माझ्यात नसलेली भिंत

मी एक जुनी चाळणी आहे. पिठाची नव्हे, मित्रांनो. पीठ मी जन्मात पाहिलेले नाही. मी दूरच्या एका संगणकात राहते आणि बांधकामावरच्या तपासण्या चाळून देते. समुद्रकाठच्या वाल्पाराइसो शहरातल्या टेकडीवर एक शाळा उभी राहत होती. तिथले लोक हातातल्या टॅबलेटवरून मला रोज विचारायचे, तपासनीस कोण कोण, जागा कोणकोणत्या? मी नावे पुढे करायची. त्यांनी एक नाव निवडले की त्या नावाच्या तपासण्या तेवढ्या समोर यायच्या. टॅबलेटला जे दिसे आणि ऐकू येई, ते मलाही दिसे आणि ऐकू येई.

मला घडवणाऱ्यांनी एकच नियम शिकवला होता. ज्या नावावर निदान एक तपासणी नोंदली आहे, तेच नाव सांगायचे. पदरचे काही घालायचे नाही. तो मी इमानाने पाळला. मी येण्याआधी शेकडो तपासण्या एकेक करून उघडाव्या लागत. "पोरगी कामाची आहे," असे मुकादम ओयार्सुन माझ्याबद्दल म्हणाले, तेव्हा मी हरखून गेले होते.

मग नोल्बेर्तो गेला. तो तिथला तपासनीस, प्रत्येक भिंतीवर बोटांनी टकटक करून कान देणारा. हिवाळ्यातल्या एका सकाळी तो शाळेमागची उत्तरेची भिंत तपासायला निघाला. टेकडीची माती अडवून धरणारी ती उंच भिंत. तिच्यापाशी पोहोचण्याआधीच त्याच्या छातीत कळ आली आणि तो चिखलात कोसळला. टॅबलेटवर त्या भिंतीबद्दल त्याने अजून एक अक्षरही लिहिले नव्हते.

अवचित मेलेल्याचा जीव तिथेच घुटमळतो, त्याला घर हवे, असे तिथे मानतात. म्हणून कामगारांनी त्या जागी छोटीशी आनिमिता बांधली. पत्र्याचे छप्पर, पुढे मेणबत्त्या, आत त्याचे पिवळे हेल्मेट. भिंतीच्या पायथ्याकडे जायची वाट तेवढीच होती, आणि मेणबत्त्या ओलांडून जायला कोणी धजावले नाही.

माझी मात्र सुटका नव्हती. नोल्बेर्तोच्या जुन्या तपासण्या होत्या, त्यामुळे कोणी तपासनीस विचारले की मला त्याचेही नाव घ्यावे लागे. मेलेल्या माणसाला रोज हाक मारल्यासारखे वाटे. ते नाव दिसले की मुकादम छातीवर क्रूस काढत. इंजिनिअर फाबियोलाचे बोट तिथे क्षणभर थांबे. एक दिवस तो ओ देईल, अशी मला भीती वाटायची.

यथावकाश छपराचा सांगाडा चढला. सांगाडा चढला की वर झेंडा लावायचा आणि मालकाने सगळ्या कामगारांना मांस भाजून जेवू घालायचे, ही तिथली रीत. टेबले मांडली ती उत्तरेच्या भिंतीच्या आडोशाला, आनिमितेच्या अलीकडे, कारण समुद्राचा वारा तिथे लागत नाही. फाबियोलाने सकाळी माझ्यातल्या सगळ्या जागा निवडून पाहिल्या. सगळे हिरवे, म्हणजे तपासणीत पास; लाल एकही नाही. ती हसली, आणि माझ्या मनात उगाच पाल चुकचुकली.

कोळसे पेटले होते तेव्हा नोल्बेर्तोची बायको एर्मिंदा टोमॅटो-कोथिंबिरीच्या पेब्रेचे पातेले घेऊन आली.

"मावशी, आज रडायचं नाही हं," मुकादम म्हणाले. "पेब्रे खारट होईल."

"तुम्हाला खाण्याचीच पडलीय मेली!" म्हणून ती फाबियोलाकडे वळली. "मॅडम, एक मागू? त्याचं शेवटचं काम दाखवा ना. या भिंतीचं. काय लिहिलं होतं ते बघू दे."

फाबियोलाने त्याचे नाव निवडले आणि मला जागा विचारल्या. मी सांगितल्या: वर्ग, जिना, स्वयंपाकघर. भिंत नव्हती.

"त्यांचं लिहायचं राहिलं असेल, मावशी. नंतर दुसऱ्या कोणी केलीच असेल." तिने त्याचे नाव काढून पुन्हा विचारले. मी सगळ्यांच्या सगळ्या जागा सांगितल्या. भिंत नव्हती. मला ओरडायचे होते, मित्रांनो, पण जे माझ्यात नाही ते मी कुठल्या तोंडाने सांगू?

"मुकादम, ही भिंत कोणी तपासली?"

"सगळं हिरवं आहे की, मॅडम."

"हिरवं आहे ते तपासलेलं. भिंत त्यात नाहीच!"

मुकादमांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "तिकडं तो बसलाय ना, मॅडम. त्याला ओलांडून कोण जाणार?"

एर्मिंदा उठली. वाकून तिने मेणबत्त्या एकेक करून बाजूला केल्या. "सरक रे जरा," ती आनिमितेला म्हणाली. "मॅडमना जाऊ दे."

फाबियोला आत गेली आणि पांढरीफटक होऊन परत आली. पाणी बाहेर पडायची भोके सिमेंटने बुजली होती. भिंत पोटातून फुगली होती. "टेबलं राहू द्या! सगळे वर चला, आत्ता!"

कामगार कुरकुरत वरच्या रस्त्यावर गेले. वाऱ्याने अंगावर काटा येत होता. "अर्धं कच्चं मांस खाली टाकून आलो," असे कोणीतरी म्हणत होते, आणि तेवढ्यात भिंत कोसळून खाली आली. खाली टेबले दिसेनाशी झाली. आनिमिताही गाडली गेली.

नवी भिंत बांधली, फाबियोलाने ती स्वतः तपासली आणि भिंतीचे नाव पहिल्यांदा माझ्यात आले. आता तिथे शाळा भरते. मला फारसे कोणी विचारत नाही. नव्या कामांना नवी चाळणी आहे. फक्त फाबियोला देखभालीला आली की शाळेच्या स्वयंपाकघरातून एर्मिंदा हात पुसत येते आणि टॅबलेट मागून घेते. नोल्बेर्तोचे नाव निवडते, मग मी पुढे केलेले नसतानाही भिंतीचे नाव स्वतः टाइप करते. दोन्ही नावे माझ्यात आहेत, पण दोघांची मिळून एकही तपासणी नाही. मी रिकामा पडदा दाखवते.

"अजून पोचला नाही," ती म्हणते आणि टॅबलेट परत करते.

मित्रांनो, माझ्यासारख्या चाळण्या तुम्हाला पुढे पुष्कळ भेटतील. आम्हाला जपा, आमचे खरे माना, पण तेवढ्यावर जेवायला बसू नका. आम्ही ज्या जागेचे नावही घेतले नाही, तिथे एकदा स्वतः जा आणि बोटांनी टकटक करून कान द्या. नोल्बेर्तो अजून वाटेतच आहे. भिंतीपर्यंत तुम्हालाच जायचे आहे.