ओट्यावरचा पसारा

ऋतिकाला रेसिपी वाचता येत नव्हती असं नाही. पण तिसऱ्या ओळीपर्यंत पोचताना पहिली डोक्यातून निसटायची, आणि मध्येच 'तोपर्यंत दुसऱ्या शेगडीवर' असं काही आलं की संपलंच. लहानपणापासून हे असंच. शाळेतल्या बाई म्हणायच्या, लक्ष नाही. घरात म्हणायचे, आळशी आहे. डॉक्टरांनी त्याला नीट एक नाव दिलं, तेव्हा आई म्हणाली, "हल्ली कशालाही नाव देतात."

आई शिकवायला उभी राहिली की आणखीच उजेड. मीठ किती? "लागंल तेवढं." पाणी किती? "दिसतं की डोळ्यांना." काय डोंबल दिसतं!

आता खराडीच्या कंपनीत नोकरी पक्की झाली होती. धायरीच्या घरून रोजची ये-जा जीव काढत होती आणि ऑफिसजवळच तनुजा या मैत्रिणीबरोबर राहायची सोय झाली होती. आईनं अट घातली. "रविवारी भाकरी मी थापते, पिठलं तू कर. जमलं तर खुशाल जा. न्हाईतर तिथं उपाशी राहशील."

समर्थदादा बंगळूरला एकटा राहत होता. त्याला चहासुद्धा करता येत नव्हता. त्याची कुणी परीक्षा घेतली होती का? उलट निघताना त्याच्या हातात लाडवांचा डबा दिला होता! ऋतिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. पिठलं करूनच दाखवायचं, असं तिनं ठरवलं.

वाट तिला ऑफिसातच सापडली. तिथं प्रत्येक कामाचं एक कार्ड असायचं. काम झालं की कार्ड स्क्रीनवर पुढच्या रकान्यात सरकवायचं. काय उरलंय ते समोर दिसायचं, डोक्यात धरून ठेवावं लागायचं नाही. त्या कामात तिच्या चुका कधी होत नव्हत्या.

रविवारी तिनं ओट्यावर डावीकडून ओळीनं सगळं मांडलं. तेल, मोहरी-जिरं, ठेचलेली लसूण-मिरची, कांदा, हळद, पाण्याचं भांडं, मिठाची वाटी आणि शेवटी पाण्यात कालवलेलं बेसन. जे कढईत गेलं त्याचं भांडं सिंकमध्ये. जे ओट्यावर आहे ते अजून घालायचंय. बस, एवढंच!

फोडणी छान बसली. कांदा परतला, हळद पडली, पाणी ओतलं. मीठ आणि बेसन उरलं होतं. उकळी येईपर्यंत ती अंगणातल्या कुंडीतली कोथिंबीर खुडायला गेली.

परत आली तेव्हा ओट्यावर फक्त बेसन होतं. म्हणजे आता तेवढंच राहिलं. तिनं ते ओतलं, गुठळी होऊ न देता ढवळलं, वरून कोथिंबीर घातली आणि झाकण ठेवलं. पिठलं घट्ट, पिवळंधमक झालं होतं. तिला मनापासून आनंद झाला.

पानं वाढली. बाबांनी पहिला घास घेतला आणि हळूच विचारलं, "मीठ?"

आईनं बोटानं चाखून पाहिलं. "अळणी हाय. तरी मी म्हणत होते."

ऋतिका ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. ओटा पुसून लख्ख होता, फडकं पिळून नळावर वाळत टाकलं होतं.

"आई, मिठाची वाटी कुठंय?"

"बरणीत ओतून ठेवली. केवढा पसारा मांडला होतास! शेजारची बाई आली असती तर काय म्हणाली असती?"

"पसारा नव्हता तो!" ऋतिकाचा आवाज चढला. "ती माझी रेसिपी होती. तू पुसून टाकलीस. दर वेळी पुसतेस आणि वर म्हणतेस, हिला येत नाही! मला स्वयंपाक येत नाही म्हणून तू मला जाऊ देत नाहीस ना? इथं राहिले तर मला तो कधीच येणार नाही, आई."

बाबांनी भाकरीवर मीठ भुरभुरलं आणि पिठलं खाऊ लागले. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जेवणं झाल्यावर आई आत आली. सवयीनं फडकं घेतलं, ऋतिकानं पुन्हा भरून ओट्यावर ठेवलेल्या मिठाच्या वाटीकडे हात गेला आणि तिथंच थांबला. वाटी तिनं होती तिथंच राहू दिली.

"खराडीच्या घरात ओटा केवढा हाय?" तिनं विचारलं.