दारावरचा कान

“आता जरा दाबून,” प्रयोगशाळेतला तज्ज्ञ म्हणाला आणि कानवाल्याने पुन्हा एकदा काचेला कान लावला.

आधी हलकेच लावून झाला होता, मग मान तिरकी करून, मग जबडा उघडा ठेवून. दर वेळी तज्ज्ञ काचेवर काळी पूड भुरभुरवायचा, उमटलेला कान हातातल्या फोटोशी ताडून पाहायचा आणि नाक मुरडायचा. फोटोतला कान एका फोडलेल्या घराच्या दारावर सापडला होता. आत कोणी आहे का याचा कानोसा घेऊन चोर घरात शिरला होता. शेवटी एकदाचं तज्ज्ञाचं नाक सरळ राहिलं. “जुळला,” तो म्हणाला. शिंप्याने गिऱ्हाइकाला पोट आत घ्यायला लावून सदरा बसवावा, तसा तो कान बसवला होता.

कानवाला पाणीखात्यात होता. भिंतीत नळ कुठे गळतोय ते भिंतीला कान लावून शोधायचं हे त्याचं काम, म्हणून हे नाव. भिंतीलाही कान असतात म्हणतात, त्यातला एक आमच्याकडे नोकरीला आहे, अशी सोबत्यांची थट्टा चालायची. चोरी झाली त्याच आठवड्यात तो त्या घराच्या इमारतीत, खाली तळमजल्यावर, गळती शोधायला गेला होता आणि पोलिसांना तेवढं पुरलं. जामिनावर सुटून आला तोवर खात्याने त्याला घरी बसवलं होतं आणि शेजारीण आपली किल्ली परत घेऊन गेली होती. ती किल्ली कित्येक वर्षं त्याच्या बायकोकडे असायची. बायकोला नोकरीपेक्षा त्या किल्लीचंच जास्त लागलं.

वकीलबाई हुशार होत्या. त्यांनी सोपी वाट काढून ठेवली होती.

“इमारतीत तुम्ही होतातच,” त्या म्हणाल्या. “गळतीचा माग काढत वर गेलो आणि त्या दाराला कान लावला, एवढंच सांगा. ठसा तुमचा, पण कामाचा. विषय संपला.”

“पण मी वर गेलोच नव्हतो.”

“ते तुम्हाला माहीत. कान तुमचाच म्हणून तज्ज्ञ शपथेवर सांगणार आहे.”

“मग त्यालाच विचारा, कसा जुळवला ते.” आणि त्याने काचेची सगळी हकिकत सांगितली. वकीलबाई आधी घड्याळाकडे बघत ऐकत होत्या, मग घड्याळ विसरल्या.

घरी बायकोने वेगळाच धोशा लावला. एक वाक्य बोलायला जीव जातोय का, वकीलबाई काय वेड्या आहेत का, तुरुंगात गेलात तर मी काय करू? त्यालाही भीती वाटत होतीच. पण हट्टाला पेटला की तो कुणाचं ऐकणारा नव्हता.

“जो कान माझा नाही तो आज माझा म्हटला,” तो म्हणाला, “तर उद्या गावातल्या प्रत्येक दारावर माझाच कान निघेल.”

कोर्टात वकीलबाईंनी आवाज चढवला नाही. काचेवर कान किती वेळा घेतला, त्यांनी विचारलं. बऱ्याच वेळा, तज्ज्ञ म्हणाला. मग इथे एकच का?

“बाकीचे जुळत नव्हते.”

“कान तर एकाच माणसाचा होता ना?”

तज्ज्ञाने चष्मा पुसला. माणूस खोटा नव्हता. कमी-जास्त दाबलं की ठसा बदलतो हे त्याने कबूल केलं. दुसऱ्या कुणाचा कान घेऊन पाहिला का, या प्रश्नावर तो म्हणाला, “तशी गरज वाटली नाही.” न्यायाधीशांनी मान वर करून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ते पुढे लिहायला लागले.

कानवाला सुटला. खरा चोर मात्र सापडला नाही, त्यामुळे लोकांच्या मनात तो पुरता सुटला नाही. साहेबांनी त्याला भांडारात बसायला सुचवलं; त्याने आपलंच काम मागून घेतलं. “आता तरी कानाला खडा लावा,” बायको म्हणाली आणि तो ऐकत नाही म्हटल्यावर तिने एक धुतलेला रुमाल त्याच्या खिशात कोंबला. निदान भिंतीला लावताना मधे हा धरा, म्हणाली.

महिन्याभरात त्याच इमारतीतून तक्रार आली, त्याच घरातून. मी जातो, असं सोबती म्हणाला, पण कानवाल्याने पिशवी आधीच उचलली होती.

दार उघडणाऱ्या बाईने त्याला ओळखलं. क्षणभर वाटलं, दार लावून घेते की काय. पण स्वयंपाकघरात ओल आली होती. ती बाजूला झाली आणि त्याच्या मागोमाग आत येऊन उभी राहिली, नजर न हलवता. त्याने पंखा बंद करायला सांगितला, रुमाल भिंतीवर धरला आणि कान टेकवला. कापडाच्या सळसळीशिवाय काही ऐकू येईना. त्याने रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि उघडा कान भिंतीला लावला. ओट्याच्या वर, डाव्या अंगाला, पाणी बारीक आवाजात चाललं होतं. त्याने तिथे खडूने फुली मारली.

फुलीशेजारी घामाने कान उमटला होता. बाई त्या ठशाकडेच बघत होती. तो पुसायला कानवाल्याचा हात रुमालाकडे गेला आणि तसाच परत आला.

“बघून ठेवा, बाई,” तो म्हणाला. “हा माझा आहे.”

मग त्याने पिशवीतून छिन्नी काढली आणि फुलीवर पहिला घाव घातला.