सुग्रीव मास्तरांची शाबासकी

बीडला मास्तरणी घडवायचा वर्ग निघाला. त्याच्या दुसऱ्या वर्षी हैदराबादेहून तपासणीला आलेल्या मोठ्या बाईंनी मागं दोन गोष्टी ठेवल्या: एक फुटबॉल आणि एक उर्दू फर्मान. बायांनी आठवड्यातून चार दिवस खेळावं आणि खेळताना त्यांची हौसला-अफजाई करावी, म्हणजे धीराचे दोन शब्द बोलावेत, असं फर्मानात होतं. अंमलबजावणी कवायतीचे मास्तर सुग्रीवराव यांच्याकडं आली, आणि त्यांनी दोन शब्दांचे दोन हजार केले.

मास्तरांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता. गळा मात्र देवानं हलगीसारखा दिला होता. बाप्यांची नजर पडू नये म्हणून मैदानाला चहूबाजूंनी कनात लावलेली होती. साठी उलटलेली म्हणून मास्तरांना तेवढी आत परवानगी. ते तिपाईवर उभे राहत आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच ओरडायला लागत.

महानंदा पुढच्या फळीत खेळायची. लिंबागणेशच्या कापडदुकानदाराची लेक, वय बावीस, तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं. त्यानंतर तिला शाबास म्हणणारं कुणी भेटलंच नव्हतं. त्यामुळं पहिला आठवडा ती मास्तरांच्या आवाजावर हरिणीसारखी पळाली. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, घामानं निथळत, आणखी एकदा शाबास ऐकायला मिळावं म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात तिनं शब्द नीट ऐकले. चेंडू जाळ्यात गेला की मास्तर म्हणत, "शाबास गड्या!" चुकला की, "बाईवानी काहून पळती?" हरलं तर बाया आणि जिंकलं तर गडी, असा हिशेब होता. मग बायांनी जिंकायचं कधी, हे तिला कळेना. तिनं मास्तरांना तसं विचारलंही. मास्तरांनी खिशातलं फर्मान काढून दाखवलं. हे आपलं घरचं बोलणं नाही, सरकारी काम आहे, असं त्यांनी तिला समजावलं आणि वर "लई हुशार गडी हाय" म्हणून पाठ थोपटली.

खरा घोळ पुढं झाला. गोल अडवायला चंद्रभागा उभी राहायची. नवऱ्यानं चार वर्षांपूर्वी तिला माहेरी धाडलं होतं. ती आता मास्तरीण होणार म्हटल्यावर धर्मापुरीच्या सासरच्या लोकांना सून एकाएकी आठवली. सासरा धुळाजी आणि दीर सटवा तिला न्यायला आले आणि खेळ संपायची वाट बघत कनातीबाहेर बसले. त्यांना आतलं दिसत नव्हतं, ऐकू तेवढं येत होतं. त्याच दिवशी चंद्रभागेनं तीन चेंडू छातीवर झेलले आणि मास्तर तिपाईवर अक्षरशः नाचले.

"चंद्रभागा बाई न्हाईच! म्या छातीठोक सांगतो, गडी हाय गडी!"

बाहेर दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. धुळाजीनं पटका सावरला, सटवानं गाडी जुंपली. खेळ संपून चंद्रभागा बाहेर आली तेव्हा रस्त्यावर नुसता फुफाटा होता. ही बातमी बाजारात पोचल्यावर सारं बीड आठ दिवस हसलं. चंद्रभागा खोलीत तोंड झाकून पडली. जायचं की नाही हे तिचं तिनं अजून ठरवलेलंच नव्हतं, आणि ठरवायच्या आधी लोकांनी तिच्यावर हसून घेतलं, हे तिला जास्त लागलं.

मास्तरांना यातलं काहीच वावगं वाटलं नाही. कौतुकच तर केलं, म्हणाले.

पुढच्या महिन्यात मोमिनाबादच्या वर्गाशी सामना ठरला. मोठ्या बाई बघायला येणार होत्या. आदल्या दिवशी महानंदा मास्तरांकडं गेली. या वेळी ती भांडली नाही, अदबीनं बोलली.

"मास्तर, पाव्हण्या बायांसंगं धीर द्यायला कुणीच न्हाई. तुमी उद्या त्यांच्या बाजूला उभं राहावं. बीडची खानदानी तरी दिसंल."

मास्तरांचे डोळे भरून आले.

सामना सुरू झाला आणि मोमिनाबादकडच्या तिपाईवरून "हाण गड्या, बाईवानी काहून पळती?" सुरू झालं. पाहुण्या बिचाऱ्या थबकायच्या, वळून बघायच्या, एकमेकींवर आदळायच्या. एक तर ऐन वेळी चेंडू सोडून डोक्यावरचा पदर सारखा करत राहिली. इकडं बीडच्या बायांना कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा एकमेकींचा आवाज ऐकू आला. चंद्रभागेच्या हातून एक गोल सुटला, तेव्हा तिची मान खाली गेली. महानंदा मागं धावत आली. "चंद्रा, जाऊ दे. तुला उडी लई चांगली जमती. म्या हाय हितंच." एवढंच बोलली. चंद्रभागेनं त्यानंतर एकही चेंडू आत जाऊ दिला नाही, आणि बीडनं तीन गोल केले.

सामन्यानंतर मोमिनाबादची म्होरकी उमाबाई पाणी प्यायला आली. "ह्यो बाबा तुमी रोज कसा ऐकता?" तिनं विचारलं. महानंदाला जिंकल्याचा आनंद तिथंच थोडा बेचव झाला. बाबाला तिकडं आपणच धाडलं, हे तिनं कबूल केलं. उमाबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं, मग तिला हसू फुटलं.

मोठ्या बाईंना मात्र वेगळंच दिसलं होतं. परक्या खेळाडूंचाही हौसला वाढवणारा असा दिलदार मास्तर त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी तसा शेरा लिहिला आणि पंधरवड्यात सुग्रीव मास्तरांना बढती मिळाली. त्यांच्याकडं आता जिल्ह्यातल्या सगळ्या बायांचा हौसला आला. सुरुवात मोमिनाबादपासून करायची होती. निरोपाचा हार घालायची पाळी महानंदावर आली. मास्तर तिला म्हणाले, "हे समदं माझ्या दोन शब्दांचं फळ हाय." तिनं हार घातला आणि रात्री उमाबाईला चार ओळींचं सावध करणारं पत्र लिहिलं.

सोमवारी बाया पुन्हा मैदानात उतरल्या. सगळ्या एकदमच बोलत होत्या, एकमेकींना नावानं हाका घालत होत्या. आता कुणी न्यायला आलं तरी यायची नाही, असं चंद्रभागेनं त्याच सकाळी आपणहून धर्मापुरीला कळवलं होतं, म्हणून तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. कनातीबाहेर ऐकायला जमलेल्या बाप्यांना आतलं काहीच समजेना. थोडा वेळ थांबून ते आपापल्या कामाला निघून गेले.