मुसक्याचा पट्टा

चाळीस वर्षं दरीतल्या सगळ्या घोड्यांना नाल ठोकून इद्वाल म्हातारा झाला होता, पण जिभेची धार काही कमी झाली नव्हती. एप्रिल लागून डोंगरउतारावर कोवळं गवत आलं, की हा प्रत्येक फाटकाशी थांबून लोकांना दटावणार. "हिरवं दिसतं म्हणून भुलू नका. नुसती साखर आहे ती! खुरं आतून सुजली, घोड्याला पाय टेकवेना झाला, की मग याल रडत माझ्याकडे." बोलणं खरं असायचं, त्यामुळे त्याला गप्प करायची कोणाची टाप नव्हती.

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या नेस्टाची घोडी, एरिन, अशीच गवत खाऊन लंगडी झाली. रविवारी चॅपलमधली प्रार्थना संपून सगळं गाव चहाला बसलं होतं. इद्वालने सगळ्यांदेखत विचारलं, "प्रेम करतेस की जीव घेतेस गं तिचा? एकटीला करमत नसेल तर मांजर पाळ!" काही जण हसलेसुद्धा. नेस्टा अर्धा कप तसाच टाकून उठून गेली. त्यानंतर वसंतात मुसकं बांधल्याशिवाय तिने एरिनला कधी चरायला सोडलं नाही. बुडाशी बोटभर भोक असलेलं ते मुसकं. त्यातून येतील तेवढ्याच काड्या घोडीच्या पोटात जायच्या.

या एप्रिलात नेस्टाच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. "तुझ्याइतकं कळणारं दुसरं आहे कोण, इद्वाल?" असं म्हणून तिने तबेल्याची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. खोटं कशाला बोला, गड्याची छाती चांगली फुगली.

पहिले तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या सकाळी गवतावर दव गोठलेलं आणि वर लख्ख ऊन, म्हणजे पात्यात साखर भरण्याचाच दिवस. एरिन मुसकं फाटकावर घासत हाका मारत होती. इद्वालची बायको मायर जाऊन सहा महिने झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत त्याला असं हक्काने कोणी बोलावलं नव्हतं. त्याने मुसकं काढलं. अर्धाच तास, असं स्वतःला बजावून तो दगडी बांधावर बसला. घोडी चार घास खायची, मग येऊन त्याच्या खांद्यावर तोंड घासायची. अर्ध्या तासाची दुपार कधी झाली ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्याही.

त्यानंतरच्या सकाळी एरिन पुढचे पाय ताणून, सगळा भार मागे टाकून उभी होती. जागची हलेना. इद्वालने खुरावर तळवा ठेवला, तर खूर तापलेलं. घोट्यामागची नाडी धाडधाड उडत होती. हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि दर वेळी मालकाला फैलावर घेतलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. इंजेक्शन दिलं, ठाणावर जाड अंथरूण घालायला सांगितलं, आणि विचारलं, "मुसकं होतं ना?"

"होतं की. पट्टा जुना, तुटला. मला कळेपर्यंत हिने चरून घेतलं."

त्या यायच्या आधीच त्याने खुरं तासायच्या सुरीने तो पट्टा कापून ठेवला होता. आयुष्यभर लोकांच्या चुका चव्हाट्यावर मांडणारा माणूस! सुरी खिशात परत ठेवताना त्याला स्वतःची किळस आली.

दहा दिवसांनी नेस्टा कुबड्या घेऊन घरी आली. एरिन आता सावकाश पावलं टाकायला लागली होती. नेस्टाने तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि इद्वालकडे न बघताच म्हणाली, "माफ कर हं. नवा पट्टा घ्यायला हवा होता मी. तुला उगाच ताप झाला."

"असू दे गं."

"नाही रे, तू म्हणाला होतास तेच खरं. मला नाही जमत. पलीकडच्या गावात घोडी सांभाळणारे लोक आहेत, त्यांना फोन केलाय. सोमवारी घेऊन जातील हिला."

आता नुसतं गप्प राहिलं, तर सगळं आपोआप मिटणार होतं. घोडी जाणार, पट्टा जाणार, कोणी कधी विचारणार नाही. क्षणभर इद्वालला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचीच त्याला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"नेस्टा, पट्टा तुटला नव्हता. मी कापला. मुसकं मीच काढत होतो. तीन दिवस."

नेस्टा आता वळून त्याच्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, "तू? का?"

"हाका मारत होती."

"मलाही मारायची," नेस्टा म्हणाली. "त्या वर्षीसुद्धा."

इद्वालची मान वर होईना. "सोमवारचा तो फोन रद्द कर," तो कसाबसा म्हणाला. "रविवारी चॅपलच्या चहाला मी सगळ्यांदेखत सांगतो."

"सांग ना. जरूर सांग," नेस्टाने कुबडी काखेत नीट बसवली. "या वेळी मी कप संपेपर्यंत बसणार आहे."