पाठ झालेला ठोकळा

मी एक जुना ठोकळा आहे. तळहाताएवढा, बर्फाच्या तुकड्यासारखा पारदर्शक. पण मित्रांनो, माझ्या पोटात मेण आहे आणि त्या मेणात कैदी आहेत. केसासारखे धागे, मसुरीएवढ्या गाठी आणि पिठाच्या कणांहून बारीक खडे. कारखान्यातल्या बाईंनी चिमट्याने ते एकेक करून मांडले, वर ऊन मेण ओतले आणि झाकण कायमचे बंद केले.

मेणाच्या कोठडीत कोंडले कण कण,
दिसावं एवढ्यासाठी सोसलं बंदीपण.

तुमच्यापासून सातासमुद्रापलीकडे, सेबोयाती नदीकाठच्या एका गावात, लहानशा इस्पितळात मी आलो. तिथे बायकांच्या छातीचा फोटो काढायचे यंत्र होते. छातीतली गाठ हाताला लागण्याआधी फोटोत सापडली, तर बाई वाचते. पण यंत्रच आंधळे झाले तर? म्हणून दर सोमवारी, पहिल्या बाईच्या आधी, तिच्या जागी मला ठेवत. वरून पट्टी येऊन मला दाबून धरी. मग फिल्म धुऊन उजेडावर लावत. छातीतल्या रोगाच्या पहिल्या खुणाही अशाच बारीक; माझे खडे दिसले तर यंत्र कामाचे. नाही दिसले तर दार बंद.

यंत्र चालवायची नेलिदा. जाड भिंगांच्या चष्म्याची, मायाळू, तोंडाची फटकळ. एका हातात माते, म्हणजे पोखरलेल्या छोट्या भोपळ्यातून नळीने ओढायचा कडू पाल्याचा चहा, काखेत गरम पाण्याचा थर्मास. "चल रे माझ्या काचेच्या नवऱ्या," ती मला म्हणे, "तूच एक असा आहेस की दाबलं तरी ओरडत नाहीस!" मला फार बरे वाटे.

वर्षे गेली. नेलिदाला मी तोंडपाठ झालो. कोणता धागा कुठे, कोणता खडा कोणत्या कोपऱ्यात, सगळे. मित्रांनो, तिथेच घात झाला.

एका कडाक्याच्या हिवाळ्यात फिल्म धुण्याच्या यंत्रातली शेगडी बिघडली. रसायन गारठले आणि फोटो फिके येऊ लागले. उजेडावरच्या माझ्या फोटोत बारीक खडे नव्हतेच! ते नाहीत हे मला कळत होते, पण सांगू कसे? मला तोंड नाही. नेलिदाने नेहमीच्या जागी बोट ठेवले, "हा इथे, हा इथे, हा इथे. छान!" ती खोटे बोलत नव्हती. तिला ते खरेच दिसत होते. पाठ झालेली वस्तू डोळ्यांना नसतानाही दिसते.

त्याच हिवाळ्यात तिची धाकटी बहीण देल्मिरा आली. इस्पितळाच्या फाटकाशी ती तळलेल्या पुऱ्या विकायची. पट्टी खाली आली तशी ओरडली, "अगं ए ताई, मी काय लिंबू आहे पिळायला?"

"लिंबू कसलं? जुना भोपळा आहेस. श्वास रोखून धर!"

फोटो निघाला. डॉक्टरांनी पाहिला. "काही नाही. स्वच्छ." बहिणी हसत गेल्या. मी कपाटाच्या अंधारात पडून होतो. माझे कण त्या फिक्या फोटोत हरवले होते. तिच्या छातीत एखादा कण असेल, तर तो कोणाला दिसला असेल? मी आतून धडका दिल्या, पण मेण काही हलत नाही.

वसंतात राजधानीहून तपासणीला डॉक्टर तेचेरा आल्या. नेलिदाने त्यांना माते दिला. त्यांनी तो सावकाश ओढला. मग मला हातात घेतले आणि सहज यंत्रावर ठेवले. फोटो उजेडावर लागला.

"दाखवा बरं, बाई, खडे कुठे आहेत?"

"हे काय, इथे डाव्या कोपऱ्यात. अगदी स्पष्ट!"

"तिथे आज काहीच नाही, नेलिदाबाई. मी ठोकळा उलटा ठेवलाय."

नेलिदाने चष्मा पुसला. पुन्हा पाहिले. उजव्या कोपऱ्यातही नुसते धुके होते. तिने माते पुन्हा भरून पुढे केला. तेचेराबाईंनी हात आडवा केला. "आभार." आमच्याकडे माते देणाऱ्याला 'आभार' म्हटले की त्याचा अर्थ 'आता पुरे'.

"म्हणजे... हिवाळाभर?" नेलिदाने विचारले. "डॉक्टर, माझी बहीण होती त्यात."

"सगळ्यांना परत बोलवा. आधी बहिणीला."

शेगडी दुरुस्त झाली. देल्मिरा मात्र अडून बसली. "एकदा स्वच्छ म्हणालात ना? आता पुन्हा पिळायचं?"

"पाया पडते तुझ्या," नेलिदा म्हणाली. देल्मिराने ताईला कधी कोणाच्या पाया पडताना पाहिले नव्हते. ती मुकाट्याने पट्टीखाली उभी राहिली.

फोटोत खडे होते. माझ्यासारखेच, पण हे कोणी मांडलेले नव्हते. अजून लहान होते. शस्त्रक्रिया झाली.

पुढच्या हिवाळ्यात देल्मिरा त्याच खोलीत बाकावर बसली होती. डोक्याला लोकरी टोपी, गाल बसलेले, हातात ताईचा माते. पिऊन तिने भोपळा परत दिला. ओठ उघडले.

"आभार म्हणशील तर याद राख!" नेलिदा ओरडली.

"कोण म्हणतंय? भर आणखी!"

मित्रांनो, मी अजून त्याच मेणात बंद आहे. माझे कैदी सुटायचे नाहीत. पण आता दर सोमवारी नेलिदा डोळे मिटते, मला हातात गरागरा फिरवते आणि मगच ठेवते. तुम्हालाही जे पाठ झाले आहे, ते एकदा उलटे ठेवून पाहा. आतून कोणीतरी धडका देत असेल.